कात्रण दाखवा, नोंद मिळवा

नोव्हेंबर २०१८. लंडनच्या कॅमडन भागातलं ‘अंडरवर्ल्ड’ हे सभागृह. मंचावर अमेरिकेहून आलेला ‘थ्रेटिन’ हा रॉक बँड आणि समोर श्रोते तीन. सभागृहवाल्यांना सांगितलं होतं की २९१ तिकिटं आगाऊ खपलीत. मग शोधाशोध झाली. बँडची रेकॉर्ड कंपनी खोटी. दौरा ठरवणारी संस्था खोटी. फेसबुकवरचे चाहते विकतचे. बँडचं कौतुक करणारं संगीतविषयक संकेतस्थळसुद्धा गायकमहाशयांनी स्वतःच थाटलेलं. वादक तेवढे खरे होते, तेही या दौऱ्यापुरते भाड्यानं आणलेले. प्रकरण उघडकीला येताच दौरा अर्ध्यावर गुंडाळला गेला.

आता सांगा, असला बँड ज्ञानकोशात जायच्या लायकीचा आहे का?

नकारार्थी मान हलवण्याआधी थांबा. इंग्रजी विकिपीडियावर थ्रेटिनचं स्वतंत्र पान आहे आणि ते नियमात चोख बसतं. कारण बीबीसीनं बातमी केली, न्यूयॉर्क टाइम्सनं केली, रोलिंग स्टोननं सविस्तर लिहिलं. थ्रेटिनला श्रोते मिळाले नाहीत, पण वार्ताहर मिळाले. विकिपीडियाला वार्ताहर पुरतात.

आता दुसरी बाजू घ्या. समजा, कोथरूडमधली चार मुलं आहेत. मन लावून वाजवतात, गाणी स्वतः लिहितात, इमारतीच्या पार्किंगमध्ये तालीम करतात आणि सोसायटीच्या सचिवाच्या शिव्या खातात. त्यांच्या कार्यक्रमाला साठ-सत्तर माणसं येतात, त्यातली निम्मी नातेवाईक नसतात. एका रात्री त्यांचा गिटारवाला बसतो आणि विकिपीडियावर बँडचं पान तयार करतो. सकाळी उठून बघतो तर पान गायब. मागे एवढाच शेरा, की हा विषय महत्त्वाचा का आहे हे लेखातून समजत नाही. याला शीघ्र वगळणी म्हणतात. त्यासाठी कलम आहे आणि कलमाला क्रमांकही आहे, ए-७.

पोराला वाटतं, कुणीतरी आपलं गाणं ऐकलं आणि नापास केलं. छे! गाणं कुणी ऐकलेलंच नाही. ऐकून त्यावर मत बनवायची तिथे सोयच नाही. सगळी मेख इथेच आहे. विकिपीडिया बँडची परीक्षा घेतच नाही. बँडबद्दल दुसऱ्या कुणी काय आणि किती छापलंय, एवढंच मोजतो. पेन्शनर साहेबांसमोर धडधडीत उभा असतो आणि साहेब म्हणतात, हयातीचा दाखला आणा. तसंच हे. तुम्ही वाजवता हे दिसतंय हो, खालच्या मजल्यापर्यंत ऐकूही येतंय. पण तसं कुणी तिऱ्हाइतानं लिहून दिलंय का?

आणि तिऱ्हाईत म्हणजे खरोखर तिऱ्हाईत. बँडचं स्वतःचं संकेतस्थळ चालत नाही. इन्स्टाग्राम चालत नाही. यूट्यूबवर लाखभर लोकांनी बघितलं, हेही चालत नाही, कारण थ्रेटिननं दाखवलं तसं चाहते आणि बघणारे दोन्ही बाजारात विकत मिळतात. ‘आज सायंकाळी अमुक ठिकाणी कार्यक्रम’ ही चार ओळींची सूचनाही बाद. मुलाखत असेल तर भुवई उंचावते, कारण मुलाखतीत बँडच बँडबद्दल बोलत असतो. कुणीतरी स्वतःच्या पायांनी कार्यक्रमाला जावं, स्वतःच्या बुद्धीनं चार परिच्छेद लिहावेत आणि ते विश्वासार्ह ठिकाणी छापून यावेत, एवढीच माफक अपेक्षा. मराठी संगीताच्या बाबतीत ही अपेक्षा किती माफक आहे, ते पुढे बघू.

बँडसाठी इंग्रजी विकिपीडियानं चक्क बारा कसोट्या लिहून ठेवल्या आहेत. त्यातली एखादी उतरली तर नोंदीची आशा धरता येते, हमी नाही. आपल्याकडच्या बँडनं त्या वाचायला घेतल्या की करमणुकीचा चांगला कार्यक्रम होतो.

एक कसोटी अशी, की गाणं देशाच्या लोकप्रियता-यादीत यायला हवं. कुठल्या यादीत? चार पिढ्यांनी कान देऊन ऐकलेली आपली यादी म्हणजे बिनाका गीतमाला. ती १९५२ साली सुरू झाली आणि लागायची रेडिओ सिलोनवर. म्हणजे देशाची आवड जाहीर व्हायची परदेशातून, आणि तीही हिंदी सिनेमाच्या गाण्यांपुरती. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं साप्ताहिक यादी काढली ती २०२१ मध्ये. त्या यादीत जागा कुणाला? परदेशी गाण्यांना! भारतात कुठलं परदेशी गाणं जास्त ऐकलं जातं, हा राष्ट्रीय प्रश्न आम्ही प्राधान्यानं सोडवला.

दुसरी कसोटी, ग्रॅमीच्या तोडीचा पुरस्कार किंवा निदान नामांकन. ही सोपी आहे. झाकीर हुसेन आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांना सोबत घ्यायचं आणि पन्नासएक वर्षं वाट बघायची. त्यांच्या ‘शक्ती’ या बँडला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाली. सत्तरच्या दशकात सुरू केलं होतं.

तिसरी, दोन अल्बम बड्या कंपनीनं काढलेले हवेत. आपल्या बड्या कंपन्यांना सिनेमा सोडून दुसरं काही ऐकू येत नाही, ही प्रकृतीची तक्रार जुनी आहे.

चौथी, राष्ट्रीय वाहिनीवर भरपूर वेळ तुमच्याबद्दल कार्यक्रम. भरपूर वेळ! आमच्या वाहिन्यांवर अर्ध्या तासात आठ जण एकाच वेळी ओरडून जातात. त्यातलं एक डोकं चार मिनिटं गप्प बसलं तरी निवेदक घाबरतो.

पाचवी, एखाद्या नामांकित कार्यक्रमाचं शीर्षकगीत. इथे पुण्यानं नाव काढलंय. ‘अग्नी’ हा पुण्याचा बँड, आणि एमटीव्हीच्या ‘रोडीज’चं गाणं त्यांचं. म्हणजे रस्ता आहे. फक्त तो मोटारसायकलवरून शिव्या देत जाणाऱ्या पोरांच्या मागून जातो.

सहावी, मोठ्या स्पर्धेत पहिला, दुसरा किंवा तिसरा क्रमांक. स्नेहसंमेलनातलं उत्तेजनार्थ धरत नाहीत. सातवी, बँडमध्ये स्वतंत्रपणे नाव कमावलेले दोन कलाकार हवेत. एक नामवंत आणि तीन होतकरू असं गणित जमत नाही. आमच्या ड्रमरच्या मावसभावानं अमक्या दिग्दर्शकाला चहा पाजलाय, याचाही उपयोग नाही. कीर्ती वारशानं मिळत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रातल्या राजकीय आणि संगीत घराण्यांना हे वाक्य वाचून दाखवायला कुणी जाऊ नये.

आणि एक कसोटी अशी, की बँड एखाद्या शहरातल्या संगीताचा ठळक प्रतिनिधी असावा. ही पुणेकरांसाठीच केली असावी असा संशय येतो. पुण्यात काहीही न वाजवणारी माणसंही स्वतःला शहराचे ठळक प्रतिनिधी समजतात.

शीघ्र वगळणीतून पान वाचलंच तर सुनावणी होते. किमान सात दिवस. कुणीही यावं आणि बोलावं. ‘वगळा’ म्हणणारे वगळवादी आणि ‘ठेवा’ म्हणणारे समावेशवादी, असे दोन पंथ विकिपीडियावर वर्षानुवर्षं नांदताहेत. सुनावणी बहुधा अशी रंगते:

‘वगळा. स्वतंत्र संदर्भ एकही नाही.’

‘ठेवा. मी त्यांना लाइव्ह ऐकलंय, कडक आहेत.’

‘वगळा. कडकपणाला संदर्भ नाही.’

‘ठेवा. बँड उदयोन्मुख आहे.’

‘वगळा. उदय झाल्यावर या.’

‘ठेवा. प्रत्येक पोकेमॉनला पान आहे, मग यांना का नको?’

हा शेवटचा युक्तिवाद काल्पनिक नाही बरं. इंग्रजी विकिपीडियावर एके काळी झाडून सगळ्या पोकेमॉनांची वेगवेगळी पानं होती आणि वगळणीच्या चर्चेत हा दाखला इतक्यांदा दिला जायचा की त्याला ‘पोकेमॉन चाचणी’ असं नावच पडलं. पुढे बहुतेक पोकेमॉनांची पानं मोडून त्यांना याद्यांमध्ये कोंबलं. बँडला न्याय मिळाला नाही, पण पोकेमॉनावर अन्याय झाला. समता म्हणतात ती हीच.

पाचव्या दिवशी अचानक वीस नवी खाती उगवतात आणि एका सुरात ‘ठेवा’ म्हणतात. मग कुणीतरी पाटी लावतो, की बाबांनो, हे मतदान नाही, इथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे मोजतात. आपल्या लोकांना हे पचायला जड जातं. डोकी मोजायची नाहीत तर मग डोकी जमवली कशाला? सातव्या दिवशी एखादा प्रचालक येतो, सगळं वाचतो आणि निकाल देतो. पगार शून्य. मानधन शून्य. शिव्या मुबलक.

त्या बिनपगारी माणसाच्या जागी घटकाभर बसून बघा. नियम काढून टाकला तर काय होईल? मे २००५ मध्ये कुणीतरी इंग्रजी विकिपीडियावर ‘जारएडो वेन्स’ नावाच्या ऑस्ट्रेलियन आदिवासी देवाची नोंद केली. असा देव नव्हताच. कुणातरी टवाळानं तो घरबसल्या घडवला होता. मार्च २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, तो देव ज्ञानकोशात विराजमान होता. एका पुस्तकातही त्यानं अवतार घेतला. संदर्भ मागितला असता तर पहिल्याच दिवशी विसर्जन झालं असतं.

डिसेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला ‘पीकिंग डक’ या जोडीचा कार्यक्रम होता. एका चाहत्यानं मोबाइलवरून त्यांच्या विकिपीडिया-पानावर स्वतःचं नाव नातलग म्हणून घातलं, ते पान रखवालदाराला दाखवलं आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन कलाकारांसोबत बियर प्यायला. कलाकारही खूश, म्हणाले कमाल आहे. आपण हसतो. पण हेच पान बघून उद्या कुणी बँडला पैसे दिले, सभागृह दिलं, शासकीय अनुदान दिलं, म्हणजे हसू थांबतं. नोंद ही ओळखपत्रासारखी वापरली जाते, म्हणून ती कुणाला द्यायची याबद्दल कुणीतरी खडूस असावंच लागतं.

खडूसपणाची जागा रिकामी असेल तर तिथे दलाल येतो, आणि तोही आलेला आहेच. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं एका झटक्यात ३८१ खाती बंद केली. ही टोळी ज्यांचे लेख नाकारले गेलेत अशा लोकांना हेरायची, संपर्क साधायची आणि म्हणायची, पैसे द्या, पान चढवतो. चढवून झालं की पुन्हा निरोप, पैसे देत राहा, नाहीतर पान उतरेल. खंडणीचा हा प्रकार आपल्याला नवा नाही, फक्त ज्ञानकोशासाठी खंडणी हे नावीन्य. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते उघड सांगा, असा नियम २०१४ पासून आहे. तरीही ‘कलाकारांसाठी खास पॅकेज, विकिपीडिया पानासकट’ अशा जाहिराती थांबलेल्या नाहीत. पॅकेजमध्ये गाणं मात्र स्वतःचं आणायचं असतं.

म्हणजे नियम बरोबर आहे. मग दुखतंय कुठे?

दुखण्याची जागा २ ऑक्टोबर २०१८ ला जगाला दिसली. त्या दिवशी भौतिकशास्त्राचं नोबेल डोना स्ट्रिकलंड यांना जाहीर झालं. हे नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला आणि पंचावन्न वर्षांतल्या पहिल्या. लोक विकिपीडियावर धावले. पान नव्हतं! त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरचा मसुदा परत पाठवला गेला होता, विषयाबद्दल पुरेसं स्वतंत्र लेखन दिसत नाही म्हणून. त्यांच्यासोबत पारितोषिक मिळालेल्या जेरार मूरू यांचं पान आधीपासून होतं. जगभर विकिपीडियाच्या नावानं शंख झाला. पण मसुदा परत पाठवणाऱ्यानं नियम अगदी बरोबर लावला होता. चूक त्याच्या आधीच्या टप्प्यावर होती. लेसरचं एवढं काम केलेल्या बाईवर नोबेलआधी कुणी नीट लिहिलंच नव्हतं. ज्ञानकोशानं फक्त तो रिकामा कागद उचलून दाखवला. आरशावर खटला भरायची आपली हौस जागतिक आहे.

आता तोच आरसा जरा इकडे फिरवू.

पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार असे बँड वर्षानुवर्षं वाजवताहेत. ब्रासचे, वरातीचे, मिरवणुकीचे. या वादकांच्या कवायतीच्या डगल्यांचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्यांच्या संगीताबद्दल काय छापून येतं? वाजवलेल्या गाण्याचं नाव, फार तर. ही स्वररचना कोण बसवतो, क्लॅरिनेट कुणाकडून शिकला, हंगाम नसताना घर कसं चालतं, यावर सविस्तर पुस्तक आहे बरं का. नाव ‘ब्रास बाजा’, साल २००५, लेखक ग्रेगरी बूथ. हे गृहस्थ न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे. भारतातल्या वरातीच्या बँडवर संशोधन करायला माणूस ऑकलंडहून आला, आणि इथल्या सांस्कृतिक पुरवण्या त्या वेळी सर्वंकष विचारमंथनात गढलेल्या होत्या.

याच बूथनी २००८ मध्ये मुंबईच्या सिनेसंगीतातल्या पडद्यामागच्या वादकांवर पुस्तक लिहिलं. त्यात गोवेकरांची मोठी फौज आहे. स्वरलेखन करणारे, वाद्यमेळ बांधणारे आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव नसलेले. अँथनी गोन्साल्विस हे नाव ऐकलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? १९७७ च्या सिनेमातला, अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. व्हायोलिनवादक, संयोजक, आणि प्यारेलाल यांचे गुरू. शिष्यानं गुरूंना वंदन म्हणून ते नाव गाण्यात घातलं, म्हणून ते टिकलं. गाणं नसतं तर कात्रण कुठून आणलं असतं? पुढे अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. एका मराठी समीक्षकानं वेळ काढला, म्हणून आधाराला एक भक्कम गोष्ट झाली. याला म्हणतात काम.

आणि प्रसिद्धी कशानं मिळते याचा मासला हवा असेल तर कबीर कला मंच घ्या. पुण्यात २००२ मध्ये सुरू झालेला हा गट. शाहिरी, जातीवर आणि शोषणावर थेट बोट ठेवणारी गाणी, वस्त्या-वस्त्यांत कार्यक्रम. इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान आहे. कशाच्या आधारावर? माओवाद्यांशी संबंधाचे आरोप झाले, अटका झाल्या, एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा देशभरची वृत्तपत्रं त्यांच्याबद्दल लिहू लागली. आनंद पटवर्धन यांनी २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये त्यांची गाणी ऐकवली, हा सन्माननीय अपवाद. एरवी गाण्याला आतल्या पानावर दोन ओळी आणि अटकेला पहिल्या पानावर चार रकाने. तेव्हा होतकरू बँडना व्यावहारिक सल्ला द्यायचा तर तालीम कमी करा आणि गुन्हा दाखल होईल असं बघा. संदर्भांचा प्रश्न आपोआप मिटतो.

पण छापून आलं तरी सगळं मिटत नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या संदर्भविषयक मार्गदर्शनात भारतीय वृत्तसंस्थांसाठी खास इशारा दिलेला आहे. आशय असा, की इथे जाहिरात आणि बातमी यांच्यातली भिंत पातळ असते, पैसे देऊन छापलेला मजकूर बातमीच्या वेषात येतो, तेव्हा नीट पारखून घ्या. आपल्या पत्रकारितेची ही जागतिक कीर्ती. हिला मात्र संदर्भ भरपूर आहेत. ‘तरुणाईच्या हृदयाची धडकन बनलेला बँड’ असं वाक्य तीन वेगवेगळ्या पोर्टलांवर स्वल्पविरामासकट सारखंच दिसलं, की तिकडे बसलेल्या माणसाला कळतं, की ही धडकन एकाच प्रसिद्धी-कचेरीतून मेल झालीय. गंमत म्हणजे याचा फटका खऱ्या बँडलाही बसतो. त्याच्याबद्दल एखाद्या वार्ताहरानं मनापासून लिहिलेलं असलं, तरी तिकडचा संपादक विचारतो, हे फुकट लिहिलंय याला पुरावा काय?

‘मग मराठी विकिपीडियावर जाऊ, तो तर आपलाच,’ असं काहींना वाटतं. मराठी विकिपीडिया महाराष्ट्रदिनी, १ मे २००३ ला सुरू झाला. तिथे सातत्यानं लिहिणारे मोजकेच आहेत, आणि जे आहेत ते किल्ल्यांपासून क्रिकेटपर्यंत सगळं उपसताहेत. तिथेही उल्लेखनीयता लागते, तिथेही ‘पान काढा’ अशी पाटी लागते. आणि समजा काढलं नाही, तरी बिनसंदर्भाची नोंद आपल्या भाषेत चालते यात अभिमान कसला? केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते वर्गणीदार गोळा करत, दारोदार फिरून, पण नोंद कुणाची घ्यायची हे वर्गणीदारांना विचारून ठरवलं नाही. वाईला तर्कतीर्थांनी विश्वकोशाची मांड बसवली तीही लेख तपासून घेऊनच. आपल्या भाषेला काटेकोर कोशांची परंपरा आहे. घसरगुंडीची नाही. निदान कोशांत तरी नाही.

शिवाय एक नियम बँडवाले कधी वाचत नाहीत. संदर्भ इंग्रजीतच हवेत असं विकिपीडिया म्हणत नाही. ते इंटरनेटवरच हवेत असंही म्हणत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या मराठी वृत्तपत्रात आलेलं परीक्षण, दिवाळी अंकातला लेख, एखाद्या जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासातलं प्रकरण, हे सगळं चालतं. अट एकच, की ते असायला हवं, आणि तारीख-पान सांगता यायला हवं. म्हणजे भाषेचा अडसर नाही, काळाचा नाही, गावाचा नाही. अडसर लिहिण्याचा आहे. आणि आपण काय लिहितो? गायकाच्या पहिल्या पुण्यतिथीला ‘आठवणींचा हिंदोळा’, ज्यात लेखकाच्या आठवणी पाऊण रकाना आणि गायक पाव. त्यातून गायकाच्या जन्माचं गाव शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवावं.

तर निकाल असा. अल्पपरिचित बँडला ज्ञानकोशात जागा द्यावी का? त्याच्याबद्दल दोन-तीन तिऱ्हाइतांनी नीट लिहिलं असेल तर द्यावी, मग तो बेसुरा असला तरी. लिहिलं नसेल तर देऊ नये, मग तो गंधर्वलोकातून उतरलेला असला तरी. हे अन्यायकारक वाटतं, कारण ते आहेच. पण हा अन्याय विकिपीडिया करत नाही. तो आधीच झालेला असतो, आपल्याच गावात, आपल्याच वृत्तपत्रात, आपल्याच आळसामुळे.

म्हणून तीन विनंत्या. बँडवाल्यांनो, स्वतःचं पान स्वतः करू नका. ते दिसतं, आणि हसू होतं. संपादकांनो, महिन्यातून एकदा एका वार्ताहराला तिकीट काढून कार्यक्रमाला पाठवा, निमंत्रणपत्रिकेवर नाही. आणि वाचकहो, तुमच्या तालुक्यात एखादा बँड, एखादी भजनी मंडळी, एखादं ताशापथक चांगलं वाजवत असेल तर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. लिहा. कोण वाजवतं, कधीपासून, कुणाकडून शिकले, काय वेगळं करतात. स्तुती नाही केलीत तरी चालेल, नावांचं शुद्धलेखन मात्र तपासा. ते कुठेतरी छापून आणा. तसे दोन-चार लेख जमले की नोंद कुणीतरी करेलच, आणि मग ती कुणाच्या बापाला वगळता येणार नाही.